घोरपडीचं मिग आणि ‘मेकॅनिक काका’

पुण्यातले तीन दिवस होते, त्यातले दोन लग्नात गेले. उरलेल्या सकाळी रिक्षा केली आणि थेट घोरपडीचं राष्ट्रीय युद्धस्मारक गाठलं. तिथे मिग-23 बीएन हे लढाऊ विमान उभं आहे. उडता उडता याचे पंख 16, 45 आणि 72 अंशांवर वळवता यायचे. आपल्या हवाई दलातून ही विमानं 2009 मध्ये निवृत्त झाली.

शाळेची सहल आलेली होती. सगळे नाकापाशी फोटोला दाटले होते. एक मुलगी मात्र चाकापाशी वाकली होती. तिने विचारलं, “बाई, याचं ऑइल कोण बदलतं?”

“मेकॅनिक काका,” बाई म्हणाल्या, आणि रांग पुढे सरकली.

तो ‘काका’ मला फार लागला. हे काम बायकांनीही केलंय. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावी सोव्हिएत वैमानिक मारिना रास्कोवाने उभारलेली रात्रीच्या बॉम्बफेकीची रेजिमेंट मे 1942 मध्ये आघाडीवर पोचली. तिथे वैमानिकापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या बायकाच होत्या. विमान पो-2, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, पाच सिलिंडरचं एम-11 इंजिन. इंजिन बंद झालं की तेल गरम असतानाच काढून घ्यायचं, नाहीतर रशियाच्या थंडीत ते डांबरासारखं घट्ट होतं. उड्डाणाआधी तापवून परत ओतायचं. मग नाकावरचा पंखा हाताने सावकाश फिरवून बघायचा. सिलिंडर गोलाकार बसवलेले असल्याने तेल झिरपून खालच्यांत साचतं, आणि द्रव काही दाबला जात नाही. पंखा अडला तर जोर लावायचा नाही, उलटाही फिरवायचा नाही. खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचं. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि असा रॉड पुढे हवेत दगा देतो.

गोळीने कापड फाटलं तर भोकाच्या कडा साफ करायच्या, ठिगळ लावायचं, वरून लॅकरचे हात. लॅकर सुकताना कापड ताणलं जातं, पण हवा दमट असली की ते पांढरं पडतं आणि ताण धरत नाही. मग खरवडून पुन्हा पहिल्यापासून. बॉम्बचा फ्यूज, म्हणजे त्याचा स्फोट घडवणारा भाग, बसवताना जाड हातमोजे चालत नाहीत, आटे बोटांना कळावे लागतात. कडाक्यात ओलं बोट लोखंडाला चिकटतं आणि कातडी सोलून निघते.

मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यांनी कामाची घडीच बदलली हे. एका विमानाला एक मेकॅनिक ही रीत मोडून त्यांनी टोळ्या केल्या. एक टोळी उतरलेलं विमान घ्यायची, दुसरी पेट्रोल भरायची, तिसरी बॉम्ब लावायची. पाचेक मिनिटांत विमान पुन्हा वर. रेजिमेंटच्या सुमारे 23 हजार खेपा या हिशेबावर उभ्या आहेत.

इंग्लंडमध्येही बायका मेकॅनिक होत्या. जमिनीवर वारा जोराचा असला की स्पिटफायर या लढाऊ विमानाची हलकी शेपटी उचलली जाते आणि पंखा जमिनीवर आपटतो, म्हणून विमान जमिनीवरून चालवत नेताना शेपटीवर माणूस बसवत. 1945 मध्ये मार्गारेट हॉर्टन ही मेकॅनिक अशीच बसली असताना वैमानिकाने उड्डाणच केलं. एक फेरी मारून तो उतरला तेव्हा ती शेपटीला घट्ट धरून होती.

हे सगळं त्या मुलीला सांगायला हवं होतं. सहल तोवर रणगाड्यापाशी पोचली होती.