उपग्रह प्रतिमा किती सरकली आहे, ते मोजा आणि मगच रेघ ओढा

प्रतिमेवरून नकाशा काढायला बसलं की पहिला मोह होतो तो तिच्या स्पष्टपणावर विसंबायचा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टेसुद्धा मोजता येतात, मग जागा चुकेल कशी? पण पिक्सेल बारीक असणं वेगळं आणि तो जमिनीवर आपल्या जागी बसलेला असणं वेगळं. वर्ल्डव्ह्यू-३ उपग्रहाचा पिक्सेल ३१ सेंटिमीटरचा असतो. जमिनीवरचे नियंत्रण बिंदू, म्हणजे नेमकी जागा मोजून ठेवलेल्या खुणा, न वापरता त्याच्या स्थानाची जाहीर केलेली अचूकता मात्र ३.५ मीटर, म्हणजे पिक्सेलच्या दहापटीहून जास्त. तीही दहापैकी नऊ बिंदूंपुरती. दहावा त्याहून लांब पडला तरी तक्रारीला जागा नाही.

चूक येते कुठून, हे कळलं की ती कशी वागेल याचाही अंदाज येतो.

सगळ्यात साधी चूक कॅमेऱ्याच्या दिशेची. वर्ल्डव्ह्यू-३ सुमारे ६१७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. तिथून सरळ खाली बघताना दिशेत एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, इतका फरक पडला तरी जमिनीवर ३ मीटर सरकतात. पण ही चूक सालस आहे. अख्खा तुकडा एकाच दिशेला, जवळपास एकाच अंतरानं सरकतो आणि एका ऑफसेटमध्ये, म्हणजे सगळी प्रतिमा ठरावीक अंतर उलट सरकवली की, जागेवर येतो.

खरा त्रास उंचीचा. उपग्रह क्वचितच सरळ खाली बघतो. बहुतेकदा तो तिरपा बघतो. मग जमिनीची उंची जितकी चुकीची धरली असेल, तितकी प्रतिमा बाजूला जाते. हिशोब सोपा आहे: उंचीतली चूक गुणिले तिरकस कोनाचा (उभ्या रेषेपासून मोजलेल्या) टॅन्जंट. २५ अंशांचा कोन आणि उंचीत १० मीटरची चूक असेल, तर ४.७ मीटर. प्रतिमा सपाट करताना उंचीचं मॉडेल वापरतात. यांपैकी खूप वापरलेलं मॉडेल म्हणजे फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयान मोहिमेचं एसआरटीएम. त्याचं उद्दिष्टच उभ्या दिशेत १६ मीटर अचूकतेचं होतं, पुन्हा ९० टक्के बिंदूंसाठी. त्यात दाट झाडीचा वरचा भागही काही प्रमाणात जमीन म्हणून धरला गेला आहे. आणि २००० नंतर पोखरलेला डोंगर किंवा घातलेला भराव त्यात असणार तरी कसा?

म्हणून घाटातला रस्ता प्रतिमेत कधी एकीकडे, कधी दुसरीकडे झुकलेला दिसतो. पायथ्याशी मोजलेला ऑफसेट माथ्यावर चालत नाही. जुनी प्रतिमा सरासरी उंचीवर सपाट केलेली असेल, तर त्याच २५ अंशांच्या कोनात १०० मीटरच्या चढामागे ४७ मीटरचा घोळ होतो. अशा ठिकाणी एका ऑफसेटनं अख्खा डोंगर उरकायचा नाही. वळणावळणाला पुन्हा तपासायचं.

पूल हे याचं गमतीदार उदाहरण. मॉडेलला दरीचा तळ माहीत असतो, पुलाचा पृष्ठभाग नसतो. पूल तळापासून ४० मीटर उंच असेल, तर त्याचा मधला भाग सुमारे १९ मीटर बाजूला जातो आणि सरळसोट पूल धनुष्यासारखा वाकतो. तो वाक इमानानं गिरवलेले नकाशे बरेच सापडतात. दोन्ही टोकं जमिनीवर आहेत, ती धरा आणि सरळ पुलाची रेघ सरळच ओढा.

इमारतींचंही तेच. ३० मीटर उंच इमारतीचं छप्पर २५ अंशांच्या कोनात तळापासून १४ मीटर दूर पडतं. जी भिंत दिसते ती उपग्रहाच्या बाजूची, आणि छप्पर त्याच्या विरुद्ध दिशेला कललेलं. छपराच्या कडा स्पष्ट असतात, म्हणून आकार छपरावरून काढा. पण मग तो उचलून दिसणाऱ्या भिंतीच्या तळाशी नेऊन ठेवा. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत हे आणखी किचकट होतं, कारण तिथे इमारती फोटोच्या मध्यापासून बाहेर झुकतात. १५०० मीटरवरून काढलेल्या फोटोत मध्यापासून ६०० मीटरवरची तीच इमारत साधारण १२ मीटर झुकते, तर मध्याजवळची जवळपास उभीच दिसते. फोटो जोडून केलेल्या पटात त्यामुळे एका गल्लीतल्या इमारती पूर्वेला आणि पुढच्या गल्लीतल्या पश्चिमेला झुकलेल्या असू शकतात.

जोडांवर लक्ष ठेवा. रस्ता अचानक तुटून दोन मीटर बाजूला गेलेला दिसला, सावल्यांची दिशा बदलली, की तिथे दुसरा तुकडा, दुसरी तारीख आणि दुसरा ऑफसेट सुरू झाला. झूम बदलल्यावरही प्रतिमा बदलू शकते. एका झूमवर मोजून दुसऱ्या झूमवर गिरवणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

चूक काही शे मीटरची असेल, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. जुनं राष्ट्रीय डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा देशाचा आधार) आणि जीपीएस वापरतं ते डब्ल्यूजीएस-८४ यांची गल्लत झाली आहे का, ते बघा. चीनमध्ये जीसीजे-०२ ही पद्धत नकाशाचे सहनिर्देशक मुद्दामच सरकवते.

आता मोजायचं कसं. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो; उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे त्याचाही भरवसा नाही. ४ मीटरचा सरक ५ मीटरच्या पट्टीनं एकदा मोजून काय हाती लागणार? एका जागी दहा मिनिटं थांबून सरासरी काढली तरी फारसा फायदा नाही, कारण त्या दहा मिनिटांतल्या चुका एकाच बाजूच्या असतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी नोंदलेले किमान पाच-सहा ट्रॅक, म्हणजे जीपीएसनं टिपलेल्या वाटा, घ्या आणि त्यांच्या गठ्ठ्याचा मध्य धरा. रस्त्यावर दोन्ही दिशांनी गेलेले ट्रॅक हवेत, नाहीतर वाहन ज्या कडेनं चालतं तीच कड मध्यरेषा होऊन बसते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. पूर्व-पश्चिम धावणारा रस्ता फक्त उत्तर-दक्षिण सरक दाखवतो. पूर्व-पश्चिम सरक कळायला त्याला छेदणारा रस्ता हवाच. म्हणून चौक निवडा. जमिनीवर रंगवलेले पट्टे, बुटक्या कुंपणाचे कोपरे, मैदानाच्या रेघाही चालतात. छपरं, झाडांचे शेंडे, नदीचा काठ आणि पूल यांवरून मोजू नका.

ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढलेल्या नकाशाच्या आयडी संपादकात बॅकग्राउंडच्या पॅनेलमध्ये तळाशी ऑफसेट ओढायची सोय आहे. जेओएसएम या त्याच्या दुसऱ्या संपादकात इमेजरी मेनूतून नवा ऑफसेट करून त्याला नाव देऊन ठेवता येतं. प्रतिमा ट्रॅकवर बसवली की एक-दोन किलोमीटर लांबच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकात तपासा. ऑफसेटचे आकडे वेब मर्केटर या वेबवरच्या नकाशांच्या प्रक्षेपणाच्या एककांत असतील, तर ते जमिनीवरचे मीटर नव्हेत: २० अक्षांशावर ते सुमारे ६ टक्के फुगलेले असतात, ६० अक्षांशावर थेट दुप्पट.

आठ-दहा बिंदू मोजून झाले की सरासरी आणि विखुरलेपणा वेगवेगळे बघा. सरासरी सरक ४ मीटर आणि बिंदूंचा विखुरलेपणा अर्धा मीटर असेल, तर ऑफसेट लावा, काम झालं. सरासरी अर्धा मीटर आणि विखुरलेपणा ४ मीटर असेल, तर कुठलाही ऑफसेट उपयोगाचा नाही; दुसरी प्रतिमा शोधा. अहवालात अचूकता लिहायची असेल तर जुन्या अमेरिकी मानकात किमान २० तपासणी बिंदू मागितले होते. एएसपीआरएस या अमेरिकी व्यावसायिक संस्थेच्या मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीत ३० मागितले आहेत. आकडे वाचताना कुठला आहे ते पाहा: दोन्ही दिशांतली चूक सारखी असेल तर आडव्या आरएमएसईला (चुकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाला) १.५२ नं गुणलं की ९० टक्क्यांचा आकडा मिळतो आणि १.७३ नं गुणलं की ९५ टक्क्यांचा. तीच प्रतिमा, तीन आकडे; विकणारा सहसा सगळ्यात लहान छापतो.

ड्रोनच्या प्रतिमेत साध्या जीपीएसवर आतली मापं सेंटिमीटरांत जुळतात, पण अख्खा पट मीटर-दोन मीटर सरकलेला असतो. आरटीकेनं, म्हणजे सेंटिमीटरांत जागा सांगणाऱ्या सुधारित जीपीएसनं, मोजलेले पाच नियंत्रण बिंदू, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, हे किमान. अचूकता तपासायला मात्र हेच बिंदू वापरायचे नाहीत. सॉफ्टवेअरनं प्रतिमा त्यांच्यावरच ताणून बसवलेली असते, त्यामुळे तिथे चूक लहान दिसणारच.

आणि नवी प्रतिमा आली, तिच्यात आधीचे सगळे रस्ते २ मीटर सरकलेले दिसले, म्हणून ते रस्ते हलवू नका. आधीच्यानं कदाचित ट्रॅक बघून ऑफसेट लावला असेल. ट्रॅकांचा थर चालू करा. रस्ते ट्रॅकवर बसत असतील तर नकाशा तसाच राहू द्या आणि प्रतिमा हलवा. बदलाच्या टिपणीत थराचं नाव, त्या दिवशीची तारीख आणि ऑफसेटचे दोन्ही आकडे लिहा, कारण पुढच्या वेळी तो थर बदललेला असू शकतो.