घनतेवरून अणूंमधलं अंतर: तांबं जमलं, लोखंडाने चकित केलं

मागच्या वेळी मेजरिंग सिलिंडरमध्ये तांब्याची सळई बुडवून घनता काढली होती, पण सिलिंडरवर रेघा १ मिलीच्या आणि सळईचं घनफळ जेमतेम १० मिली, म्हणजे दहा टक्क्यांची चूक तिथेच. यावेळी वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून टेअर केलं (म्हणजे काटा शून्यावर आणला), सळई दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरली, तळाला किंवा कडेला अजिबात टेकू दिली नाही, मग काटा जेवढे ग्रॅम वर जातो तेवढंच पाणी सळईने बाजूला सारलेलं असतं. आधी १०.१ आलं. वाकून बघितलं तर दोऱ्याच्या गाठीत आणि कापलेल्या टोकाच्या खरबरीत भागावर बुडबुडे चिकटलेले! ब्रशने हळूच झाडले, काटा १०.० वर आला.

१० ग्रॅम पाणी म्हणजे १० घन सेंटीमीटर, आणि सळई ८९.३ ग्रॅमची, म्हणजे घनता ८.९३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, पुस्तकात ८.९६ आहे, मस्तच. आता ८.९३ भागिले अणुभार ६३.५५, गुणिले ६.०२२ × १० चा २३ वा घात (ॲव्होगॅड्रो संख्या, म्हणजे अणुभाराइतक्या ग्रॅममधले अणू), की एका घन सेंटीमीटरमध्ये ८.४६ × १० चा २२ वा घात इतके अणू. प्रत्येक अणूच्या वाट्याला आलेल्या जागेचं घनमूळ काढलं तर ०.२२८ नॅनोमीटर. आणि घनमुळाची गंमत अशी की घनतेतली एक टक्का चूक अंतरात येईपर्यंत पाव-अर्धा टक्काच उरते, त्यामुळे घरचा काटासुद्धा पुरतो.

पण शेजारच्या दोन अणूंमधलं खरं अंतर ०.२५६ आहे. कारण घनमूळ काढताना आपण अणू चौकोनी खोक्यांत एकावर एक रचलेत असं धरतो, तांब्यात मात्र ते एफसीसी रचनेत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू) असतात, प्रत्येकाला १२ शेजारी. त्यासाठी १.१२२ ने गुणलं की बरोबर ०.२५६ येतं. हे जुळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर खाली ठेवून नुसता त्या सळईकडे बघत बसलो.

मग लोखंड घेतलं. माइल्ड स्टीलचा (म्हणजे जवळजवळ सगळं लोखंडच) तुकडा, ७०.७ ग्रॅम, पाणी ९.० ग्रॅम, घनता ७.८६. अणुभार ५५.८५ धरून आकडा आला ८.४७ × १० चा २२ वा घात. म्हणजे तांब्याइतकाच! दोनदा करून बघितलं, तेच. तांब्याचा अणू जड आणि घनताही त्याच प्रमाणात जास्त, त्यामुळे दोन्ही धातूंत प्रत्येक अणूला जागा सारखीच मिळते. तरी लोखंडात जवळचा शेजारी ०.२४८ वरच असतो, कारण तिथे बीसीसी रचना (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध एक अणू), जवळचे शेजारी ८ च आणि पुढचे ६ थोडे लांब, ०.२८७ वर, म्हणून गुणायचं १.०९१ ने. नुसत्या घनतेवरून हा फरक कळणं शक्यच नाही, रचना कळायला एक्स-रेसारखी पद्धत लागते.

पुढचा नंबर ॲल्युमिनियमचा. तेही एफसीसी, घनता २.७० धरून अंतर ०.२८६ यायला हवं. तुकडा हलका आहे, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर नीट मोजायला जरा मोठा घ्यावा लागेल, आणि बुडबुडे आधीच झाडून घेणार.