मनाला लावून घेणारी

मंगळवार, रात्रीचे दहा

आज सातवी 'ब'वर अपूर्णांक शिकवताना मध्येच थांबले. काही झालं नव्हतं. बेचाळीस मुलं फळ्याकडे बघत होती आणि मला ते नुसते मुलांचे चेहरे दिसत होते. कुणी कंटाळलेलं, कुणाला भूक लागलेली, एकाचं लक्ष खिडकीबाहेर. जुलैत याच वर्गात शिरताना माझ्या पोटात गोळा यायचा. तेव्हा प्रत्येक चेहरा मला सांगत होता की बाई, तुम्हाला शिकवता येत नाही.

नैराश्यावरची गोळी सुरू होऊन अकरा आठवडे झाले. एस्सिटॅलोप्रॅम, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. पहिला आठवडा मळमळीत आणि अर्धवट झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले होते, "बरं वाटायला दोन-चार आठवडे तरी जातील, मध्येच सोडू नका." म्हणून मी रोज सकाळी स्वतःला चाचपायचे. आज बरं वाटतंय का? वाटत नव्हतं.

पण दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिकांकडे घटक चाचणीचे गुण घेऊन गेले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ठेवा, बघते." एरवी त्या दोन शब्दांवर मी रात्र काढली असती. काय चुकलं, कुणी काय सांगितलं, आता मला वर्ग देतील की काढून घेतील. त्या दिवशी कागद ठेवले आणि बाहेर आले. डबा खाताना आठवलं, बाईंचे डोळे सुजले होते. त्या दमल्या होत्या. माझं मन तेव्हाही जडच होतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा वाचताना त्यात माझा दोष मिसळला नाही.

हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधक कॅथरीन हार्मर यांचं नाव सांगितलं. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. हार्मर आणि त्यांचे सहकारी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवतात. आनंद, दुःख, भीती, राग, किळस, आश्चर्य. भाव अगदी पुसट असल्यापासून ठळक होईपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवलेला असतो आणि माणसाने तो ओळखायचा असतो. नैराश्यातल्या माणसाला पुसट हसू दिसत नाही, वाईट तेवढं चटकन दिसतं. 2009 साली त्यांनी नैराश्याच्या रुग्णांना रिबॉक्सेटिन या औषधाचा फक्त एक डोस दिला. रुग्णांचा मूड तसाच राहिला, पण हसरे चेहरे ओळखणं सुधारलं आणि चांगले शब्द अधिक लक्षात राहिले. एका डोसात! मी तो परिच्छेद तीनदा वाचला.

त्यांचं म्हणणं असं, की औषध थेट आनंद आणत नाही. मन ज्या चाळणीतून जग घेतं ती आधी बदलते. मग बदललेल्या चाळणीतून रोजचे चेहरे, शेजाऱ्यांशी बोलणं, भावाचे फोन जात राहतात, आणि त्या साठ्यातून हळूहळू मन उचललं जातं. मधले आठवडे त्यासाठी लागतात. मला हे पटतं, कारण माझ्या बाबतीत क्रम हाच होता. हेही खरं की त्या आठवड्यांत मी घरात कोंडून बसले असते, तर चाळणीतून जायला काही आलंच नसतं. शाळा होती म्हणून बरं.

दुसरा एक प्रयोग मला घरचा वाटला. 2012 सालचा. त्यातली माणसं आजारी नव्हती, पण त्यांचा स्वभाव असा होता की नैराश्य येण्याचा धोका जास्त. मानसशास्त्रात त्या स्वभावाला न्यूरॉटिसिझम म्हणतात. आमच्याकडे आजीबद्दल म्हणायचे, "फार मनाला लावून घेते हो." आईबद्दलही तेच, आणि आता माझ्याबद्दल. त्या लोकांना सात दिवस सिटॅलोप्रॅम, म्हणजे माझ्या औषधाचंच भावंड, दिलं. मूडमध्ये फरक नाही, तरी स्वतःबद्दलचे वाईट शब्द वाचताना मेंदूच्या पुढच्या मधल्या भागात उठणारा प्रतिसाद कमी झाला. आजीला कुणी वाईट बोललं की ती देवघरात जाऊन बसायची, दोन-दोन दिवस जेवायची नाही. सगळे म्हणायचे, स्वभावच तसा. स्वभाव होताच. पण तिच्या मेंदूत काही चाललं असेल असं एकाच्याही मनात आलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट लिहायलाच हवी. गेल्या महिन्यात काकू गेली. तिने मला लहानपणी वाढवलं. मी तिच्या पायाशी उभी होते आणि डोळ्यांत पाणी नाही. सगळ्या रडत होत्या, मी हार घेऊन कोरडी. वाटलं, हे काय करून घेतलं मी? 2023 साली केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना किमान एकवीस दिवस माझंच औषध देऊन पाहिलं. बक्षीस आणि शिक्षा यांतून शिकताना ती माणसं कमी संवेदनशील झाली होती. दुःखाची धार जाताना सुखाचीही जाते की काय, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, मात्रा थोडी कमी केली आहे. मनाने बंद करणार नाही, हे मीही त्यांना सांगून आले. काल काकूची नऊवारी घडी करताना घशात दाटून आलं. रडले नाही, पण दाटून आलं.

वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे. उत्तर येत असून हात वर करत नाही. कुणी हसलं की तिला वाटतं आपल्यालाच हसले, आणि ती वहीवर वाकते. जुलैत मला वाटायचं, हिला माझा तास आवडत नाही. आज तिच्याकडे नीट पाहिलं. ती घाबरलेली होती. वही तपासताना चुकलेल्या गणितावर लाल फुली मारली नाही. बाजूला पेन्सिलीने लिहिलं, "पहिल्या तीन पायऱ्या बरोबर. मधल्या सुट्टीत ये, पुढची आपण मिळून करू."

वह्या पिशवीत भरल्या. गोळी घेऊन झोपते.