फाटकाची पंचेचाळीस मिनिटं

बाबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. सकाळी साडेसातची शिफ्ट, एका वेळी चार तास. त्यांचं झालं की तेच मशीन साफ करून दुसऱ्या पेशंटला लावतात. त्यामुळे आम्ही पस्तीस मिनिटं उशिरा पोहोचलो की बाबांची पस्तीस मिनिटं कापली जातात. यात हॉस्पिटलची चूक नाही. पुढचा पेशंटही सकाळपासून उपाशी बाहेर बसलेला असतो, त्याचे चार तास आम्ही कसे घेणार? पण कमी वेळात अंगातलं पाणी कमी निघतं, आणि मग दोन दिवस पायांवर सूज, रात्री उताणं झोपता येत नाही, धाप लागते.

आम्ही राहतो नागपूरच्या उत्तरेला, कामठी-कोराडीच्या पट्ट्यात. घर आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये एक रेल्वे फाटक आहे. त्याचा नंबर मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी मला जे दाखवलं, समजावलं, त्याचा त्यांना त्रास होऊ नये.

मे महिन्यातली एक सकाळ. सातला दहा कमी, तरी ऑटोचं छत तापलेलं. फाटक पडलेलं. बाबांनी फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात तो, डावा हात दुसऱ्या हातावर तोलून धरला होता, मांडीवर चादर आणि डब्याची पिशवी. त्यांना दिवसाला मोजून पाणी, म्हणून ते ओठ नुसते ओले करत होते. समोरून कोळशाचा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी रांग, मागे-मागे ढकलत नेत होते. बाबांना डबे मोजायची लहानपणापासूनची सवय. "अठ्ठावन्न," ते म्हणाले. रेक गेला, फाटक उघडलं नाही. दहा मिनिटं रुळांवर काहीच नव्हतं. पोरं दांड्याखालून सायकली काढून नेत होती. मग नुसतं इंजिन आलं, गेलं. पुन्हा काहीच नाही. मग रिकामे डबे बाहेर आले. फाटक उघडलं तेव्हा घड्याळात चौतीस मिनिटं झाली होती.

त्या दिवशी मी परत येताना ऑटोतून उतरलो आणि गेटमनकाकांच्या गुमटीत गेलो. भांडायलाच गेलो होतो, हे खरं. त्यांनी आधी मला स्टूल दिलं.

"भाऊ, हँडल माह्या हातात आहे, हुकूम नाही," ते म्हणाले. "स्टेशनवरून फोन येते, आम्ही एकमेकाले प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा आकडा, देतो, मी फाटक लावतो, कुलूप करतो. कुलूप लागल्याबिगर तिकडं सिग्नल निघतच नाही. आन् एकदा शंटिंग, म्हणजे डबे मागं-पुढं करणं, सुरू झालं की ते संपेपर्यंत उघडाचं नाही, असं लिहून आहे."

"कुठे लिहून आहे?"

त्यांनी भिंतीवर टांगलेली फाइल दाखवली. प्रत्येक फाटकाचे स्वतःचे कार्यनियम असतात, हे मला तेव्हा कळलं. कोणत्या गाडीसाठी केव्हा बंद करायचं, कोणाच्या सांगण्यावरून उघडायचं, फोन बंद पडला तर काय करायचं, सगळं त्यात असतं. आणि शेजारी रजिस्टर. बंद केल्याची वेळ, उघडल्याची वेळ, गाडी, प्रायव्हेट नंबर, सही. काकांचं अक्षर इतकं स्वच्छ की दुरूनही वाचता येत होतं.

मी घरी येऊन पहिला अर्ज लिहिला, आणि तोच चुकला. मी उड्डाणपूल मागितला. आपल्याकडे फाटकाचा त्रास म्हटला की सगळे उड्डाणपूलच मागतात. उत्तर आलं की पुलासाठी वाहनांची आणि गाड्यांची मोजणी लागते. दिवसभरातल्या गाड्या गुणिले दिवसभरातली वाहनं असा तो हिशेब असतो, त्याला टीव्हीयू म्हणतात, आणि तो एक लाखावर गेला की पुलाचा विचार होतो. आमचं फाटक त्याच्या जवळपासही नव्हतं. मोटारगाडी एक धरतात, ऑटो अर्धा, मोटरसायकल पाव. पायी चालणारा माणूस त्यात नाहीच. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण त्या फाटकावर सकाळी सगळ्यात जास्त माणसं पायीच असतात.

तिथेच थांबलो असतो. पण माझा भाचा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. रविवारी फोनवर बोलताना मी त्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे नदीवरचे पूल असेच अडवतात." तिथे विलामेट नदीवर उचलते पूल आहेत. जहाज आलं की पुलाचा मधला भाग वर जातो आणि दोन्हीकडची वाहनं थांबतात. जहाजाने एक लांब आणि एक आखूड भोंगा द्यायचा, पूल चालवणाऱ्याने तसाच परत द्यायचा. उघडता येत नसेल तर पाच आखूड भोंगे. आणि मूळ नियम असा की मागणी आली की पूल लगेच आणि पूर्ण उघडायचा. तिथे पाण्यावरच्या वाहतुकीचा हक्क आधी, जसा आपल्याकडे रेल्वेचा.

"पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ पूल उघडायची सक्ती नाही," तो म्हणाला. "ऑफिसची वेळ आहे म्हणून. तेवढा वेळ जहाज थांबतं."

मी त्याला तो नियम शोधून पाठवायला सांगितला. उचलत्या पुलांचे नियम तिथे तटरक्षक दल ठरवतं. बदल हवा असेल तर कोणीही लेखी मागणी करू शकतो. मग प्रस्ताव जाहीर होतो, लोक मत देतात, आणि पक्का नियम करण्याआधी काही दिवस चाचणीही घेता येते. त्या चाचणीची मुदत जास्तीत जास्त १८० दिवस. आणीबाणीचं जहाज आलं तर मात्र ही वेळ लागू नाही. मी ते दोन-तीनदा वाचलं. त्या लोकांनी नदीवर नवा पूल मागितला नव्हता. त्यांनी दिवसातले चार तास मागितले होते.

पुढे शोधताना आपल्याकडचं उदाहरणही सापडलं. हावड्याला आजचा पूल होण्याआधी १८७४ पासून तरंगता पूल होता. जहाजांसाठी त्याचा मधला २०० फुटांचा भाग बाजूला करायचे. आधी तो दिवसाच उघडायचा, आणि तेवढा वेळ बैलगाड्या, माणसं काठावर अडकून पडायची. १९०६ पासून तो रात्रीही उघडायला लागला, मोठी समुद्री जहाजं सोडून, आणि दिवसाचा खोळंबा कमी झाला. पूल तोच राहिला, बदलली ती फक्त वेळ.

आता मला काय मागायचं ते कळलं. पुरावा हवा होता.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. इथे एक गोष्ट सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. राज्य सरकारच्या कार्यालयात आपण अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतो. रेल्वे केंद्राची, तिथे ते चालत नाही. माझा अर्ज परत आला. पोस्टातून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर आणून पुन्हा दिला. तोही आधी दुसऱ्या विभागात गेला होता, कारण नागपुरात मध्य रेल्वेचा एक विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा एक, दोन्हींचे विभागीय व्यवस्थापक (डीआरएम) इथेच बसतात. चुकीच्या जागी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, तसा तो गेला. फाटकाचे कार्यनियम दोन रुपये पानाने मिळाले. रजिस्टर मी प्रत्यक्ष पाहायला मागितलं. पाहण्याचा पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला पाच रुपये. मी दोन दिवस बसलो आणि तीन महिन्यांच्या सकाळच्या नोंदी वहीत उतरवून घेतल्या.

त्या वहीने माझा राग कुठे वळवायचा ते सांगितलं. मेन लाइनच्या गाडीसाठी फाटक सहा-सात मिनिटं बंद असायचं. त्यात कापण्यासारखं काही नाही, ती सहा मिनिटं लोकांच्या जिवासाठी आहेत. सगळा वेळ जात होता साइडिंगच्या, म्हणजे कोळसा उतरवायच्या बाजूच्या रुळांच्या, शंटिंगमध्ये. रेक आत ढकलायचा, इंजिन सोडवून बाहेर काढायचं, मग रिकामा रेक ओढायचा, अशा तीन हालचाली. मधली दहा-बारा मिनिटं रुळ मोकळे, पण नियम सगळ्याला एकच शंटिंग समजत होता, म्हणून फाटक पूर्ण वेळ बंद. आणि हे बहुतेक वेळा सकाळी पावणेसात ते साडेसातमध्येच. डायलिसिस, शाळा, बुटीबोरीकडे जाणारी पहिल्या पाळीची बस, सगळं त्याच वेळेला.

दुसऱ्या अर्जात मी तीन गोष्टी मागितल्या. सोमवार ते शनिवार सकाळी पावणेसात ते पावणेआठ या फाटकावरून शंटिंग नको. इतर वेळी दोन हालचालींमध्ये मोठं अंतर असेल तर मध्ये फाटक उघडावं. आणि ॲम्ब्युलन्स थांबली असेल तर गेटमनने स्टेशन मास्तरांना कळवलं की पुढची हालचाल रोखावी. मेन लाइनच्या गाड्यांना यातलं काहीच लागू नाही, हे मी पहिल्याच वाक्यात लिहिलं. सोबत वहीची नक्कल, पोर्टलंडचा नियम, हावड्याची हकिकत. वस्तीतल्या लोकांच्या सह्या घेतल्या, पण प्रत्येकाला सांगितलं की सहीपुढे तुम्ही किती वाजता फाटकावर असता ते लिहा. त्या कागदाचा फार उपयोग झाला.

चार महिने गेले. दोन स्मरणपत्रं, एकदा जनसुनावणीच्या दिवशी तीन तास बाकावर. मग एका सकाळी संयुक्त पाहणी ठरली. ट्रॅफिक इन्स्पेक्टर (टीआय), रुळांचे इंजिनीयर, सिग्नलचे इंजिनीयर, साइडिंगवाल्यांचा माणूस, आणि मला बोलावलं होतं.

टीआय साहेबांनी माझं सगळं वाचलेलं होतं, याचं मला समाधान वाटलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण माझं ऐका. एका रेकमध्ये जवळपास चार हजार टन कोळसा. ठरलेल्या वेळेत रिकामा झाला नाही की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागते. ड्रायव्हरच्या ड्युटीचे तास संपले की गाडी आहे तिथे उभी. आणि रेकचं शेपूट मेन लाइनवर राहिलं तर मागे एक्स्प्रेस अडकून पडते. त्यातले प्रवासी माणसं नाहीत का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते ओढूनताणून दिलं नाही. मी म्हणालो, "शेपूट मेन लाइनवर असेल तेव्हा आमचा नियम नको. पण रेक साइडिंगच्या आत उभा असेल आणि नुसतं इंजिन काढायचं असेल, तर ते साडेसातनंतर काढता येईल का?"

साइडिंगचा माणूस म्हणाला, येईल. त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मधे-मधे फाटक उघडायला सिग्नलवाल्यांनी ठाम नकार दिला, आणि गेटमनकाका त्यांच्या बाजूने बोलले. मला आधी राग आला. पण ते म्हणाले, "पाच मिनिटं उघडलं की दोन्हीकडून शंभर गाड्या एकमेकांच्या तोंडावर येऊन बसते. मंग लावताना दांडा कोणाच्या तरी डोक्यावर पडन. आन् लाइनीवर कोणी अडकलं त जेलात मी." बंद फाटक कोणी जबरदस्तीने उघडलं तर रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तोडलं तर पाच. लोक तरी काकांच्या अंगावर जातात. दिवसभर त्यांना काय ऐकावं लागतं ते मी पाहिलं आहे. ती मागणी मी तिथेच सोडली.

तीन महिने चाचणी झाली. मग कार्यनियमात सुधारणा निघाली, तिन्ही खात्यांच्या सहीने. सोमवार ते शनिवार, सकाळी पावणेसात ते साडेसात, मेन लाइन अडकलेली नसेल तर साइडिंगचं शंटिंग नाही. मागितलेल्या तासातली पंधरा मिनिटं गेली. ॲम्ब्युलन्सबद्दल वेगळं कलम मिळालं नाही, त्यासाठी मी पुन्हा अर्ज केला आहे. गुमटीत तो कागद लागला, आणि प्रत्येक गेटमनने समजल्याची सही केली. काकांनी मला त्यांची सही बोटाने दाखवली.

पहिल्या बुधवारी आम्ही सातला पाच कमी असताना फाटकावर पोहोचलो. दांडा वर. डावीकडे साइडिंगमध्ये कोळशाचा रेक उभा, इंजिनाची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. शाळेच्या मुली सायकलवरून घंटी वाजवत रूळ ओलांडत होत्या. मी ऑटोवाल्याला हळू घ्यायला सांगितलं.

"बाबा, डबे नाही मोजले?"

"उभी गाडी काय मोजाची," बाबा म्हणाले आणि हात सांभाळत पुढे पाहू लागले.

सात पंचवीसला ते वजनकाट्यावर उभे होते. सिस्टरने तक्त्यात वजन लिहिलं आणि समोरच्या रकान्यात वेळ लिहिली, चार तास.