तिसऱ्या मुलाचे पैसे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की इंग्लंडमध्ये लोक कामधंदा न करता पोरं जन्माला घालतात आणि सरकार पोसतं. आणि हे नुसतं काका-मामांचं नाही हां, इथे रेडिंगमध्ये आपली मराठी मंडळी जमली की जेवणं झाल्यावर हाच विषय, आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी पाळणे हलवायचे. राग कुठून येतो ते मला कळतं, कारण वर्क व्हिसावर असताना टॅक्स पूर्ण कापला जातो आणि सरकारी मदत मागायची नाही ही अट व्हिसातच असते. पण पैसे मिळतात म्हणून गरीब लोक मुलं होऊ देतात हे मला पटत नाही, आणि इथे तर ते चक्क करून बघितलंय.

झालं असं की २०१५ मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री असताना त्यांनी जाहीर केलं की युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, त्यातली मुलांसाठीची रक्कम फक्त पहिल्या दोघांना मिळणार. ६ एप्रिल २०१७ ला किंवा नंतर तिसरं मूल झालं तर त्याचे पैसे नाहीत. म्हणणं असं की जे स्वतः कमावून घर चालवतात ते खिसा बघून मूल होऊ देतात, मग मदत घेणाऱ्यांनी पण तसंच करावं. ऐकायला बरोबर वाटतं ना? चाइल्ड बेनिफिट म्हणून आठवड्याला थोडे पैसे असतात ते सगळ्या मुलांना चालूच राहिले, पण ते २०२५-२६ मध्ये तिसऱ्या मुलाला आठवड्याला १७ पौंडांच्या आसपास, आणि बंद झालेली रक्कम महिन्याला जवळजवळ २९० पौंड, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार. गरीब घरासाठी हे किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

मग पैसे थांबले तर मुलं पण थांबायला हवी होती, बरोबर? मेरी रीडर, जॉनथन पोर्ट्स आणि रूथ पॅट्रिक या अभ्यासकांनी जन्मांचे आकडे काढून तपासलं तर फरक पडला, पण अगदी किरकोळ, गरीब घरात तिसरं किंवा पुढचं मूल होण्याची शक्यता दर शंभरामागे अर्ध्यानेसुद्धा कमी झाली नाही. बऱ्याच आयांना तर हा नियमच मूल झाल्यावर कळला. जन्म फारसे कमी झाले नाहीत, पण जी मुलं जन्माला आली ती आणखी गरीब झाली, २०२५ मध्ये १६ लाखांच्या वर मुलं अशा घरांत होती. आणि ज्यांना फटका बसला त्यातल्या दर १० घरांपैकी जवळपास ६ घरांत कुणीतरी नोकरीला होतं, म्हणजे "काम न करता" हे पण खोटं.

मी शनिवारी इथल्या एका चर्चमधल्या फूड बँकेत मदतीला जाते. शाळेकडून किंवा डॉक्टरकडून व्हाउचर आणायचं, मग तीन दिवसांचं सामान मिळतं, पास्ता, बीन्सचे डबे, टोमॅटोचे डबे, ते टिकाऊ दूध, सिरियल. एक आई आली होती, तिला पाच नंबरच्या नॅपी हव्या होत्या आणि आमच्याकडे उरल्या होत्या चार नंबरच्या, ती पाकीट हातात धरून दोन मिनिटं नुसती बघत राहिली, मग म्हणाली चालतील, टेप जरा ओढून लावीन. तिसरं मूल पोटात होतं तेव्हा नवरा डिलिव्हरीची व्हॅन चालवत होता, घर नीट चाललं होतं, मग त्याची पाठ गेली आणि नोकरी गेली. आता ह्या बाईने सरकारचे पैसे बघून मूल होऊ दिलं असं कुणी म्हणालं तर मला खरंच संताप येतो. आधी मूल येतं, अडचण मागून येते, बऱ्याच घरांत हाच क्रम असतो, आणि नियम करणाऱ्यांनी तो उलटा धरला होता.

जुळं झालं, मूल दत्तक घेतलं तर सूट होती. बलात्कारातून मूल झालं तरी सूट, पण त्यासाठी बाईने फॉर्मवर तसं लिहून द्यायचं. मला हे वाचून जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

तसा हा वाद इथला फार जुना. रेडिंगहून ट्रेनने थोडं पुढे गेलं की न्यूबरी लागतं, तिथल्या स्पीनहॅमलँडमध्ये १७९५ साली ब्रेड महागला म्हणून बर्कशायरच्या न्यायाधीशांनी ठरवलं की मजुराची कमाई कमी पडली तर ब्रेडचा भाव आणि घरातली माणसं बघून वरचे पैसे द्यायचे. तीनच वर्षांनी माल्थस नावाचे अर्थतज्ज्ञ म्हणाले की अशा मदतीने गरीब लोक ऐपत नसताना लग्नं करतात आणि लोकसंख्या वाढते. १८३४ च्या कायद्याने घरी मिळणारी मदत आवळली आणि गरिबांना वर्कहाउसची, म्हणजे काम करून घेऊन पोट भरणाऱ्या सरकारी आश्रमाची, वाट दाखवली. त्या मदतीने मुलं खरंच वाढली का यावर इतिहासकार अजून भांडतायत.

आपल्याकडचंच बघा. तमिळनाडूत रेशन, शाळेतलं जेवण, किती योजना, आणि एका बाईमागे सरासरी मुलं १.८, केरळातही तेवढीच. बिहारात ३. हे २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेतले आकडे आहेत. मदतीने मुलं वाढत असती तर हे उलटं दिसलं असतं. मुली शिकल्या, दवाखाना जवळ आला, झालेलं मूल जगेल याची खात्री आली की माणसं स्वतःच थांबतात, महाराष्ट्र पण १.७ वर आलाय.

शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये तेव्हाच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी दोन मुलांची ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून रद्द करायचं जाहीर केलं. पण बेनिफिट कॅप म्हणून दुसरी मर्यादा आहे ती तशीच ठेवली, मुलं असलेल्या घराला लंडनबाहेर वर्षाला सगळी सरकारी मदत मिळून जास्तीत जास्त २२,०२० पौंड, लंडनमध्ये २५,३२३, आणि त्यात घरभाड्याची मदतही धरलेली. ज्या घरात कमाई नाही किंवा अगदी थोडी आहे आणि भाडं जास्त आहे, तिथे तिसऱ्या मुलाचे पैसे एका हाताने येणार आणि कॅपमध्ये कापले जाणार. फूड बँकेतले आम्ही काही जण यावर खासदारांना पत्र लिहितोय.