पावसाळ्यातही घराला वास कसा येत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

जुलै-ऑगस्टात आमच्याकडे कोणीही आलं की चपला काढता काढताच विचारतं, अगं तुमच्याकडे तो पावसाळ्यातला कुबट वास कसा काय नाही? नणंद विचारते, मुलाच्या मित्रांच्या आया विचारतात, एकदा तर गॅस द्यायला आलेल्या दादांनीच विचारलं, ताई फिनाईल कुठलं वापरता. फिनाईल खास काहीच नाही हो, वाण्याकडे मिळतं तेच. डोंबिवलीत राहतो, पश्चिमेची भिंत, म्हणजे पाऊस सरळ तोंडावर येतो, घरात माणसं चार आणि खोल्या दोन. मी एवढंच करते की जून ते सप्टेंबर घर धूत नाही, कोरडं ठेवते. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं ही सांगायचं टाळतेय, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे पाणी असं डोक्यात पक्कं बसलंय. बादली घ्यायची, फसाफसा लादी धुवायची, गॅलरी धुवायची, ओटा धुवायचा, आणि मग चकचकीत दिसतंय म्हणून समाधान मानायचं. माझ्या सासूबाई गुहागरकडच्या, त्यांच्या माहेरच्या घराला कौलं होती, जमीन सारवलेली, आणि चूल सकाळपासून रात्रीपर्यंत पेटती. कौलांतून हवा जायची, चुलीच्या धगीने वरची लाकडं, माळ्यावरचं सामान, सगळं आपोआप वाळत राहायचं. आपले फ्लॅट म्हणजे सिमेंटची भिंत, ऑइल पेंट आणि सरकत्या खिडक्या, त्यासुद्धा पाऊस आत येतो म्हणून बंद. आत सांडलेलं पाणी जाणार कुठे? पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या हवेतच 80-85 टक्के आर्द्रता असते, ती हवा तुमच्या लादीवरचं पाणी घेऊन घेऊन किती घेणार. ते पाणी मग गादीत जातं, कपाटात जातं, पुस्तकांत जातं, आणि तिथे बुरशी धरली की जो येतो तो तुमचा कुबट वास. वास पाण्याचा नसतो, बुरशीचा असतो. म्हणून त्यावर रूम फ्रेशनर मारला की मोगरा अधिक बुरशी असा तिसराच काहीतरी प्रकार तयार होतो, तो तर मला अजिबात सहन होत नाही.

घरात ओल किती आहे हे कळायला ऑनलाइन आर्द्रतामापक मिळतात, काही शे रुपयांत, आमच्याकडे एक आहे, हॉलमध्ये. पण तो नसला तरी मीठ आहेच. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरायला लागतं. वाटीत जाडं मीठ घालून कपाटाच्या तळाशी दोन दिवस ठेवा, ओलं झालं तर त्या कपाटात तुमच्या पैठणीचं काय होत असेल ते समजून घ्या. 60 च्या आत आकडा राहिला तर बुरशीला फारसं जमत नाही, पण मुंबईच्या जुलैमध्ये 60 म्हणजे स्वप्नच, मी 70 च्या आसपास आला तरी खूश असते.

आता पाणी येतं कुठून ते बघा. लोकांना वाटतं पावसातून. पावसाचं येतंच, पण निम्मं आपणच करतो आणि त्यातही नंबर एक म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे. मशीनमधून चांगले पिळून निघालेले एका लोडचे कपडे हातात घेतले की कोरडेच वाटतात, पण त्यात दोन-तीन लिटर पाणी सहज असतं, आणि ते बेडरूममधल्या दोऱ्यांवर घातले की रात्रभरात ते सगळं पाणी तुमच्या बेडरूमच्या हवेत. म्हणजे दोन-तीन लिटर पाणी गादीवर ओतण्यातलाच प्रकार, फक्त हळूहळू. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळतात ते एकाच खोलीत, खिडकी चार बोटं उघडी, पंखा फुल्ल आणि खोलीचं दार बंद. दार बंद हे महत्त्वाचं, नाहीतर ते पाणी घरभर फिरतं. जीन्स आणि टॉवेल रोज धुवायचं बंद (मुलगा कॉलेजला जायला लागल्यापासून यावरून आमची भांडणं होतात, पण मी हटत नाही). आणि कपडा नव्वद टक्के वाळला, आता कपाटात वाळेल, असं कधीही म्हणायचं नाही. शिवण आणि खिसा हाताला गार लागला की तो ओला आहे. इस्त्री फिरवायची, मगच घडी.

दुसरं म्हणजे बाथरूम. आमच्याकडे नियम असा की शेवटी अंघोळ करणाऱ्याने वायपर मारायचा, भिंतीवरून खाली आणि मग जमिनीवरून जाळीकडे, मिनिटभराचं काम आहे. यात एक फुकटचा फायदा होतो. नळावर, काचेवर, टाइल्सवर जे पांढरे डाग पडतात ते मळाचे नसतातच, टँकरच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम असतो, पाणी जागेवर वाळलं की तो मागे राहतो. पाणी ओढून काढलं तर डागच पडत नाही, मग घासायचं काय? जुने बसलेले असतील तर लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवून गुंडाळून ठेवा, अर्ध्या तासाने निघतात. पण हे फक्त स्टीलच्या नळाला आणि सिरॅमिक टाइलला. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर, हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, त्यांना लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीही लागलं की वरची चकाकी खाल्ली जाते आणि ती परत येत नाही, पॉलिशवाला बोलवावा लागतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू चोळा असं सांगणारे व्हिडिओ बघितले की मला राग येतो. आणि दारावर येणारं ते बाटलीतलं ॲसिड, किंवा संडासाचं ॲसिडवालं लिक्विड, ते ब्लीचबरोबर एकत्र कधीच ओतायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो, छोट्याशा बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. डबल पॉवर वगैरे काही होत नाही.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुकर लावला की एक्झॉस्ट लावायचा, रात्री सिंक कोरड्या फडक्याने पुसून झोपायचं, घासणी पिळून उभी ठेवायची, ओली भांडी एकात एक घालायची नाहीत. ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाण्याआधी भाज्यांची सालं, चहाचा चोथा चाळणीत निथळू द्यायचा. झुरळांसाठी औषध मारतोच आपण, पण झुरळ खाण्याशिवाय महिनाभर काढतं, पाण्याशिवाय मात्र एक-दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही, तेव्हा रात्रीचं कोरडं सिंक हे अर्धं पेस्ट कंट्रोलच आहे.

आता कपाटं, कारण खरी गोम इथे असते. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलं असेल तर आधी ते चार बोटं पुढे ओढा. ती भिंत बाहेरून पावसाने गार झालेली असते, आतली दमट हवा तिला लागली की घाम धरतो, आणि मागे हवा फिरायला जागा नसली की कपाटाची पाठ काळी पडते. कधी तरी ओढून बघा, धक्का बसेल. बिल्ट-इन वॉर्डरोब असेल तर ओढणार काय, मग निदान दारं रोज थोडा वेळ उघडी टाकून पंखा लावायचा आणि कप्पे गच्च भरायचे नाहीत. बॉक्सचा बेड हा माझा सगळ्यात नावडता प्रकार, वर माणसाचा घाम, खाली हवा नाही, आणि आत आपण काय ठेवतो तर रजया आणि लोकरीचे कपडे, म्हणजे पाणी शोषणाऱ्याच गोष्टी. बेड काढून टाका असं नाही म्हणत, पण मे महिन्यात त्यातलं सगळं कडक उन्हात वाळवून, गरम गरम असताना नाही, पूर्ण निवल्यावर, प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशव्यांत भरून ठेवा. कोरडं बंद केलं तर कोरडं राहतं आणि दमट बंद केलं तर कुजतं, ते व्हिडिओतले सुंदर पारदर्शक डबे आणि लेबलं बघून लोक ऑगस्टमध्ये आवराआवर करतात आणि ऑगस्टचीच हवा डब्यात कोंडून ठेवतात.

डांबरगोळ्यांचं विचारता, तर त्या किड्यांसाठी असतात, ओलीसाठी नाही, कापराचंही तेच. शिवाय डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतील तर बाळाच्या कपड्यांत अजिबात ठेवू नका, काही मुलांमध्ये जी सिक्स पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. ओल ओढायला कॅल्शियम क्लोराइडच्या टांगायच्या पिशव्या मिळतात, त्या खरंच काम करतात, खाली पाणी साठलेलं दिसतं, पण ते पाणी कपड्यांवर सांडलं तर कपडा वाया जातो, भरली की लगेच काढा.

बुरशी आलीच तर? कोरड्या झाडूने झाडू नका, ती घरभर उडते. तोंडाला मास्क लावायचा, साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसायचं, ते फडकं टाकून द्यायचं आणि जागा पंख्याखाली खणखणीत वाळवायची. भिंतीला लोणा लागून पापुद्रे निघत असतील तर मात्र तुमच्या पुसण्याने काही होणार नाही आणि वरून रंग दिला तर तो पुढच्या जुलैला परत गळून पडेल, आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधायचं. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते आणि आपल्या घरातल्या संडास-सिंकची आपण, हे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, आहे. लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि हे फेब्रुवारीत करा, जूनमध्ये वॉटरप्रूफिंगवाला फोन उचलत नाही.

कोकणात आगोट म्हणतात ना, पावसाच्या आधीची सगळी बेगमी, घराच्या स्वच्छतेचीही खरी वेळ तीच. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो, त्याआधीच्या मे महिन्यात गाद्या, उशा, गोधड्या, पुस्तकं, चामड्याच्या चपला-बॅगा, डाळी-तांदूळ, सगळ्याला ऊन दाखवून घ्यायचं. आणि दुसरी वेळ नवरात्राच्या आगेमागे. गावाकडे घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात, घर धुतात, लोक त्याला नुसतं देवाधर्माचं समजतात पण वेळ बघा ना, पाऊस सरत आलेला, ऊन कडक व्हायला लागलेलं, धुतलेली गोधडी दिवसात वाळते. माझं घर धुणं, पडदे धुणं, पंखे, माळे, सगळं तेव्हाच. मधल्या चार महिन्यांत लादीला फक्त रोज केर आणि घट्ट पिळलेलं फडकं, आणि पंखा चालू.

हे फडकं पिळण्याचं श्रेय आमच्या कामाच्या मावशींना. पहिल्या पावसाळ्यात मी त्यांना म्हटलं मावशी पाणी कमी वापरा, तर त्या म्हणाल्या, अहो ताई, बाकीच्या घरी पाणी कमी दिसलं की म्हणतात काम नीट नाही केलं. खरंय ते. आता आमच्याकडे त्यांचं काम लवकर होतं आणि पैसे तेवढेच राहतात, ते तसेच राहायला हवेत.

आणि हो, आठवड्यातून एक कोरडा दिवस, आरोग्य खात्याचं ते आवाहन मी मनावर घेतलंय. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून रविवारी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, बादल्या, सगळं रिकामं. नुसतं ओतून चालत नाही, कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, घासायला लागतं.

पसाऱ्याचं म्हणाल तर तो आमच्याकडे भरपूर आहे, डायनिंग टेबलवर तुम्ही बघितलाच असेल, वर्तमानपत्रं, चार्जर, औषधाच्या पट्ट्या. त्याला वास येत नाही म्हणून मी त्याच्यामागे लागत नाही. फक्त जमिनीवर आणि पलंगाखाली काही ठेवू देत नाही, तिथे हवा अडते.

शेवटचा प्रश्न नेहमी हाच असतो, डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घ्यावा का. एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड लावून बघा, एसी हवेतलं पाणी काढतोच, ते बाहेर पाइपमधून टपकतं तेच. नसेल आणि घरात दम्याचं माणूस असेल किंवा पुस्तकं खूप असतील तर घ्या, पण तो बंद खोलीतच चालवायचा, खिडकी उघडी ठेवून लावलात तर तो अख्ख्या डोंबिवलीची हवा वाळवत बसेल आणि बिल तुम्हाला येईल.