तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा मुलाला प्रार्थना कशी शिकवलीत?

महिला मंडळाची प्रार्थनासभा संपली, चहाचे कप हातात आले, की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक तरुण आया असतात. "तुमचा मुलगा पहिलीत होता तेव्हापासून स्वतःच्या मनाने प्रार्थना करतो. पाठ केलेली नव्हे. कशी शिकवलीत?" कामावरच्या मैत्रिणी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात. "एवढ्या लहान पोराला कशाला हे सगळं? मोठा झाला की त्याचं तो ठरवेल की." दोघींनाही मला खरंच सांगायचंय, म्हणून आज नीट लिहिते.

प्रार्थना शिकवायला म्हणून मी त्याला कधी समोर बसवलं नाही. तो ऐकत असताना मी मोठ्याने प्रार्थना केली, एवढंच. माझे यजमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या कारखान्यात, आहेत. रात्रपाळी असली की ते निघाल्यावर मी स्वयंपाकघरातच ओट्यापाशी उभी राहून डोळे मिटायची आणि बोलायची. "प्रभू येशू, आज ओतकाम आहे, त्यांच्या हातापायाला सांभाळ. घराचं भाडं द्यायचंय. सासूबाईंचा गुडघा फार दुखतोय. आणि आज मी चिडले, मला शांत कर." पोरगं पायाशी भांड्यांशी खेळत असायचं. बोलायला लागल्यावर त्याने केलेली पहिली प्रार्थना मला अजून आठवते: "येशू, पप्पाला भाजू नको. आमेन." त्याला म्हणायचं होतं, भाजू देऊ नकोस. मी ती दुरुस्त केली नाही. ज्याला ऐकायची त्याला समजली होती.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण प्रार्थना करतो तेव्हा "हे कृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात होते. ती भाषा मला आवडते, तिच्यात आपल्या आज्या-पणज्यांचा आवाज आहे. पण तीन वर्षांच्या मुलाने ती घोकावी असं मला वाटत नाही. त्याने आधी कोल्हापुरीत बोलावं. एकदा त्याने विचारलं, "येशूला रंकाळा माहीत आहे काय?" मी म्हटलं, "माहीत आहे. तू तिथे काल भेळ सांडलीस तेसुद्धा माहीत आहे." त्यावर तो बराच वेळ विचार करत बसला. आपला देव कुठल्या तरी लांबच्या देशातला नाही, तो आपल्या गल्लीतलं सगळं जाणतो, हे लेकराला आधी कळायला हवं. बाकीचं शास्त्र सावकाश येतं.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या तेविसाव्या स्तोत्राचंही तसंच झालं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे संडे स्कूलमध्ये त्याने पाठ केलं, कार्ड मिळवलं. कार्डावर गोरा मेंढपाळ, हिरवंगार कुरण, पांढरीशुभ्र मेंढरं. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कागलकडे माझ्या भावाच्या शेतावर गेलो. तिथे धनगरांनी मेंढरं बसवली होती. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मुलगा दोन दिवस तिथून हलला नाही. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप आत घेतात, कुत्री बाहेर, आणि माणूस घोंगडी पांघरून कळपाशेजारीच निजतो, हे त्याने पाहिलं. नुकतंच जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही म्हणून धनगराने ते उचलून काखेत घेतलं, तेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी तर दोन कळप एकमेकांत मिसळले. मुलगा घाबरला, आता कुणाची मेंढरं कुणाला कशी मिळणार? दोन्ही धनगरांनी आपापली हाळी दिली आणि कळप आपोआप वेगळे झाले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जे म्हणतो, की मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, ते मी त्याला घरी वाचून दाखवलं होतं. आता त्याने ते डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर त्याने येशूचं चित्र काढलं ते फेटा, काठी आणि खांद्यावर घोंगडी घेतलेल्या येशूचं. ते चित्र अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

म्हणून कुणी विचारलं, की मुलांसाठी बायबलच्या गोष्टींचं कोणतं पुस्तक आणू, तर मी म्हणते, कुठलंही आणा, पण आधी मुलाला घेऊन बाहेर पडा. पेरणी, कापणी, मेंढरं, विहीर, भाकरी, दिवा. येशूने ज्या गोष्टींतून शिकवलं त्या गोष्टी अमेरिकेतल्या मुलापेक्षा आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला जास्त जवळच्या आहेत. हे आपलं मोठं धन आहे आणि आपण रंगीत कार्डांच्या मागे लागून ते वाया घालवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाईंचं ऋण मात्र वेगळंच सांगायला हवं. बायबलमधल्या एका पत्रात प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहितो, की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात. आमच्या घरची लोईस म्हणजे सासूबाई. पहाटे उठून, चहाचं आधण ठेवायच्या आत, त्या शास्त्रातला एक अध्याय बोटाने ओळ धरून वाचायच्या. नातू मांडीवर. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना पाठ होती. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे प्रभूची गाणी अभंगाच्या, ओवीच्या चालीवर लिहिली. त्यामुळे आमच्या मुलाच्या कानावर येशूचं नाव पडलं ते पेटी, तबला आणि टाळांच्या साथीने. सासूबाईंच्या तोंडूनच त्याला वायल्डरसाहेबांची गोष्ट कळली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथे आपल्याच गावात जन्मला आणि मोठेपणी त्याने हजारो विद्यार्थ्यांना प्रभूच्या सेवेसाठी उभं केलं. आमचं पोरगं विचारायचं, "तो पण कोल्हापूरचाच?" सासूबाई म्हणायच्या, "हो रे, कोल्हापूरचाच."

त्या गेल्या तेव्हा तो बालवाडीत होता. लहान मुलांना मरणाबद्दल काय सांगायचं, हे मला बऱ्याच जणी हळू आवाजात विचारतात. मी खरं ते सांगितलं. आजी मेली, तिचं शरीर आपण मातीत ठेवलं, ती प्रभूजवळ आहे. "देवाघरी झोपायला गेली" असं मी मुद्दाम म्हटलं नाही, कारण मग मूल झोपायला घाबरतं. त्यानंतरच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी त्याला उपासनेला नेलं. दुपारी बारा ते तीन, एप्रिलचं ऊन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांची मनोगतं. लहान मुलाला तीन तास बसवणं अवघड, तो मधेच माझ्या मांडीवर झोपला. जागा झाला तो नेमका येशूने प्राण सोडला त्या वाचनाच्या वेळी, आणि रडू लागला. शेजारच्या बाई म्हणाल्या, घेऊन जा बाहेर. मी नेलं नाही. त्याला जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, रविवारपर्यंत थांब. खिळे आणि रक्त यांचं वर्णन मुलांपुढे रंगवून करू नये, पण तो शुक्रवार त्यांच्यापासून लपवूही नये. शुक्रवार ठाऊक नसेल तर रविवारचा आनंद त्यांना नुसत्या केकचा वाटेल. ईस्टरच्या, म्हणजे येशू मरणातून उठला त्या रविवारच्या, पहाटे आम्ही कबरस्तानात गेलो, सासूबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावली. त्याने विचारलं, "आजीपण उठणार?" मी म्हटलं, "उठणार." हे मी त्याची समजूत काढायला बोलले नाही. माझा त्यावर विश्वास आहे.

सगळ्यात कठीण प्रश्न त्याने 2019 च्या ऑगस्टमध्ये विचारला. तो दुसरीत होता. त्या वर्षीच्या कोल्हापूरच्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43 फूट असताना. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि चहूकडे पाणी असून नळाला पाणी नाही. यजमान फौंड्रीकडे अडकले होते. टीव्हीवर शिरोळ तालुक्यातली गावं दिसत होती, जनावरं सोडून आम्ही येणार नाही म्हणून माळ्यावर थांबलेली माणसं दिसत होती. संडे स्कूलमध्ये नोहाची गोष्ट नुकतीच झालेली, महापुरातून माणसं आणि प्राणी तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, वाचवणाऱ्या नोहाची. तो म्हणाला, "नोहाच्या वेळी देवानेच पूर पाठवला. मग हा पण देवानेच पाठवला काय? आणि या म्हशींना तारू कुठाय?"

यावर पटकन उत्तर देणाऱ्यांची मला भीती वाटते. लोकांच्या पापामुळे झालं, असं म्हणणारी माणसं त्या आठवड्यातही भेटली. मी मुलाला सांगितलं, की धरणाच्या वर फार पाऊस पडला, राधानगरीचे दरवाजे उघडले, आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथे कृष्णाच तुडुंब असल्यामुळे आपल्या नदीला उतरायला वाट राहिली नाही. हे पाण्याचं कारण. आणि देवाने नोहाला मेघातलं इंद्रधनुष्य दाखवून वचन दिलं होतं, की पुन्हा पुराने सगळ्यांचा नाश करणार नाही. मग तारू कुठाय, याचं उत्तर मी तोंडाने दिलं नाही. आमच्या मंडळीतल्या बायका पूरग्रस्तांसाठी चपात्या लाटत होत्या, तशा साऱ्या शहरातल्या लाटत होत्या. मी त्याला घेऊन गेले. तो दहा-दहाच्या चपात्या मोजून कागदात बांधत बसला. शेजारच्या काकू अंबाबाईच्या भक्त, त्याही आमच्यासोबत लाटायला. रात्री त्याने प्रार्थना केली: "प्रभू, बोटवाल्या काकांना ताकद दे. म्हशींना वर ठेव. पप्पाला आण. येशूच्या नावात मागतो, आमेन." यजमान पाणी ओसरल्यावर घरी आले. म्हशी सगळ्या वाचल्या नाहीत, आणि ते त्याला कळलं. पुढे बरेच दिवस तो प्रार्थनेत म्हशींचं काही बोलला नाही. मीही त्याला बोलायला लावलं नाही. मग एके रात्री आपणहून म्हणाला, "त्यांचं वाईट वाटलं, प्रभू." त्या वाक्याने मला कळलं, की देवाशी तक्रार करता येते हे त्याला उमगलंय. स्तोत्रसंहितेत दावीद राजा दुसरं काय करतो?

त्याच काकूंच्या अंबाबाईवरून तो एकदा विचारत होता, आपण तिथे का जात नाही. मी सांगितलं, आपण प्रभू येशूची उपासना करतो, काकू देवीची करतात, आणि कुणाच्या हात जोडण्याला हसायचं नाही. नाताळच्या करंज्या आणि शंकरपाळ्यांचं ताट त्यांच्याकडे तोच घेऊन जातो.

आता कामावरच्या मैत्रिणींसाठी. मोठा झाल्यावर तो ठरवेलच, ते मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. पण ज्याच्याशी मी दिवसातून कितीदा बोलते, ज्याच्या आधाराने मी रात्रपाळीच्या रात्री काढल्या, त्याची ओळख पोटच्या पोराला करून द्यायची नाही? त्याच्यापासून दार लावून प्रार्थना करायची? ते मला जमलं नसतं. घरात माझं जे सगळ्यात खरं आहे ते त्याला दिसणारच होतं.

आता तो नववीत आहे. प्रश्न वाढलेत, काही मला झेपत नाहीत, मग आम्ही पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, जातो. मधे काही महिने मोठ्याने प्रार्थना करायला लाजत होता, मी आग्रह केला नाही, माझी मात्र चालूच ठेवली. हल्ली पुन्हा करतो, वडिलांच्या पाळीसाठी तर नेमाने.

रात्री नऊला आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असते. तुमची मुलं घेऊन या. दंगा केला तरी चालेल.